डावीकडचं शून्य: नवशिक्या ऑपरेटरांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका वाचायला घेण्याआधी एक्सेल बंद करा. उघडं ठेवलंत तर तुमचं वाचून होईपर्यंत ते काहीतरी सुधारून ठेवील.

मार्गदर्शिका कोणासाठी? एमएस-सीआयटी पास, मराठी टायपिंग ३०, इंग्रजी ४०, आणि कोळगावच्या कुठल्यातरी कार्यालयात कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर म्हणून नुकत्याच चिकटलेल्या माणसासाठी. बोईसरला एखाद्या कारखान्यात पगारपत्रक सांभाळणाऱ्यालाही चालेल. कायम नोकरीत असलेल्यांना तिची गरज नाही. त्यांच्याकडे तुम्ही आहात.

थोडी पार्श्वभूमी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला सिडकोने जिल्हा मुख्यालय बांधलं, त्याचं उद्घाटन २०२१ च्या ऑगस्टमध्ये झालं. नकाशावर जिल्हा फोडणं सोपं, याद्यांवर अवघड. ठाण्याच्या यादीला फिल्टर लावायचा, पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा असे आठ तालुके वेगळे काढायचे, नव्या शीटमध्ये चिकटवायचे, सीएसव्ही करायची, मग ती कुठल्यातरी पोर्टलवर चढवायची. अशा प्रत्येक चढ-उतारात डावीकडून काहीतरी सांडतं. सांडणारी चीज शून्य असल्यामुळे कोणी तक्रार करत नाही. तक्रार येते ती सहा महिन्यांनी, आणि तेव्हा ती शून्याबद्दल नसते. पैसे का आले नाहीत, अशी असते.

पायरी ००१: बेरीज करून पाहा

समोरच्या कॉलमकडे बघा आणि स्वतःला विचारा: याची बेरीज कधी कोणाला लागणार आहे का? लागत असेल तर तो आकडा. अनुदानाची रक्कम, पावसाचे मिलिमीटर, किती किलो मासळी उतरली, किती मजूर हजर, हे सगळे आकडे. त्यांच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते, गेलं तर जाऊ द्या. बेरीज लागणार नसेल तर ते नाव आहे. नुसतं आकड्यांत लिहिलेलं.

डहाणूचा एसटीडी कोड ०२५२८ आणि वाड्याचा ०२५२६. सरासरी काढलीत तर ०२५२७ येते. तो शहापूरचा कोड. म्हणजे सरासरीला फोन लागेल, पण ठाणे जिल्ह्यात.

एक्सेलला हा भेद कळत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. व्हिसिकॅल्क १९७९ साली आलं, एक्सेल १९८५ साली. दोन्ही हिशेब मांडायला. हिशेबनिसाच्या लेखी ००७ आणि ७ एकच. तुम्ही ०२५२५ टाइप करून एंटर मारलंत की एक्सेल समजतं, बिचाऱ्याचं बोट घसरलं, आणि शून्य काढून टाकतं. विचारत नाही, कळवत नाही. कागदी रजिस्टरवर हे काम एखाद्या कारकुनाने केलं असतं तर त्याला मेमो मिळाला असता.

(इथे आर्यभट आणि भारताने लावलेला शून्याचा शोध यांवर एक परिच्छेद अपेक्षित असतो. तो आपण सगळ्यांनी आठवीत लिहिलेला आहे.)

शून्य असलं-नसलं तर काय बिघडतं, असं विचारणारा सहकारी प्रत्येक कार्यालयात एक असतो. त्याला रेल्वेचं उदाहरण द्या, कारण तो बहुधा विरार-डहाणू लोकलने येतो. डिसेंबर २०१० मध्ये गाड्यांचे चार आकडी नंबर पाच आकडी झाले आणि सुरुवातीचं शून्य विशेष गाड्यांना राखून ठेवलं गेलं. कोविडमध्ये रोजच्याच गाड्या डोक्यावर शून्य लावून ‘स्पेशल’ म्हणून धावल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये रेल्वेने ते शून्य काढलं. एक्सेलमध्ये ज्यांनी ज्यांनी यादी ठेवली होती, त्यांच्याकडे ते पहिल्या दिवशीच निघालेलं होतं. त्यातही मजा अशी की ०९ ने सुरू होणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या स्पेशलचं शून्य गळलं की ९ ने सुरू होणारा चार आकडी नंबर उरतो, आणि तसले नंबर २०१० च्या आधी खरोखरच या रुळांवरून धावत होते. चूक दिसायला इतकी बरोबर असते.

पायरी ००२: कोणाच्या कपाळी शून्य आहे ते पाहून घ्या

पिनकोडची काळजी सोडा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला तेव्हा त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले गृहस्थ, दिल्लीत दळणवळण मंत्रालयात मोठे अधिकारी, आणि संस्कृतात कविता लिहिणारे. पहिला आकडा विभागाचा: १ ते ८, आणि ९ लष्कराच्या टपालाला. शून्याला दारातच अडवलं. पालघर ४०१४०४, बोईसर ४०१५०१. कितीही वेळा उघडा, मिटवा, चढवा, काही होत नाही. एक्सेलचा त्यात विचार नव्हता हे उघड आहे, पण वृत्तात लिहिणाऱ्या माणसाला पहिलं अक्षर गळलं की काय होतं हे ठाऊक असावं.

अमेरिकेने १९६३ साली झिप कोड आणले ते कवीला न विचारता. ईशान्येकडच्या राज्यांना त्यांनी शून्य दिलं. न्यू जर्सीत एडिसन नावाचं गाव आहे, मराठी घरं भरपूर; तिथला एक कोड ०८८२०. तुमच्या मावशीने दिवाळीच्या फराळाचे डबे परदेशी पाठवण्याचा धंदा काढला असेल आणि पत्ते एक्सेलमध्ये ठेवले असतील, तर लेबलवर ८८२० छापून येईल. चकल्या पोचतील, पण तुळशीच्या लग्नानंतर.

आधार क्रमांक ० किंवा १ ने सुरू होत नाही. तिथला रोग वेगळा, पुढे येईल. गाड्यांच्या नंबरात जिल्हा फुटायच्या आधीच्या जुन्या पाट्या एमएच-०४ च्या आहेत. आरटीओचा कोड वेगळ्या कॉलमात ठेवलात तर ०४ चा ४ होतो. तो ओळखता तरी येतो. स्टेट बँकेच्या पासबुकावर खाते क्रमांकाआधी सहा शून्यांची रांग असते, १७ आकडे दिसतात, पण खरा क्रमांक मागच्या ११ आकड्यांचा. ती सहा शून्यं गेली तरी पैसे पोचतात. मात्र ज्या बँकांच्या खाते क्रमांकात पुढचे आकडे शाखेचे असतात आणि शाखा शून्याने सुरू होते, तिथे शून्य गेलं की खातंच गेलं. म्हणजे बघा, एकाच कॉलममध्ये काही शून्यं शोभेची आणि काही जिवाची, आणि दोन्ही एक्सेल सारख्याच तत्परतेने उडवतं.

आता मुख्य माल. जीएसटीच्या बिलावर लागणारा एचएसएन कोड. जगभरच्या सीमाशुल्काची ही वर्गवारी १ जानेवारी १९८८ पासून चालत आली आहे. त्यात वस्तूंची प्रकरणं ओळीने लावली आहेत: आधी जनावरं, मग मासे, दूध, भाज्या, फळं, मसाले, आणि पुढे पुढे माणसाने बनवलेल्या वस्तू. पहिल्या नऊ प्रकरणांना अर्थातच ०१ ते ०९ असे क्रमांक.

तारापूर एमआयडीसीत फेरी मारा. रसायनं २८ आणि २९, औषधं ३०, रंग ३२, लोखंड-पोलाद ७२ आणि ७३. कोणाच्याही कपाळी शून्य नाही. अणुऊर्जा केंद्रात जा, १९६९ पासून चालू आहे. अणुभट्टीचा कोड ८४०१. भक्कम. एक्सेलने कितीही मदत केली तरी अणुभट्टीला धक्का लागत नाही. मग सातपाटीला या. पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. कोड ०३०२, गोठवला तर ०३०३. सुके बोंबील ०३०५. कोळंबी ०३०६. घोलवडचा चिकू, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला, ०८१०. वाड्याचा तांदूळ तेवढा १००६ म्हणून वाचला.

म्हणजे या जिल्ह्यात कारखानदाराच्या डावीकडे शून्य नसतं. ते कोळणीच्या आणि बागायतदाराच्या डावीकडे असतं. हा कोणाचा कट नाही. निसर्गातून आलेल्या वस्तू यादीत आधी आल्या एवढंच. पण ऑपरेटरने हे लक्षात ठेवावं, कारण ज्यांची शून्यं उडतात ते लोक आपल्या सीएला फोन करत नाहीत. ते थेट खिडकीशी येऊन उभे राहतात.

०३०२ चा ३०२ झाला तर पोर्टल लाल अक्षरांत नाकारतं. हे चांगलं. वाईट तेव्हा होतं जेव्हा एखादा उत्साही सहकारी तो दुरुस्त करतो. मासळीच्या फिलेटचा कोड ०३०४. शीटमध्ये दिसतो ३०४. सहकारी म्हणतो, कोड चार आकडी असतो, एक शून्य राहिलंय, आणि मध्ये एक शून्य घालतो: ३००४. पोर्टल आनंदाने स्वीकारतं, कारण ३००४ म्हणजे विक्रीसाठी बांधलेली औषधं. बोईसरमध्ये औषधांचे कारखाने आहेतच, कोणाला शंकाही येत नाही.

कारखान्यांनी मात्र एवढ्यावर खूश होऊ नये. त्यांचं शून्य प्रॉव्हिडंट फंडात आहे. पीएफचा सदस्य क्रमांक २२ खुणांचा: पाच अक्षरं, मग आस्थापनेचे सात आकडे, तीन आकडे एक्स्टेंशनचे, आणि कामगाराचे सात. अख्खा एकसंध लिहिलात तर अक्षरांमुळे एक्सेल हात लावत नाही. पण कारखान्यातल्या सुबक माणसाला तो चार कॉलमात तोडून लिहायची हौस असते. तोडला की एक्स्टेंशनचं ००० होतं नुसतं ०, आणि कंत्राटी कामगाराचा ००००१२३ होतो १२३. पुन्हा जोडायला गेलात की २२ ऐवजी १६ खुणा भरतात. कामगार तोवर ठेकेदार बदलून दुसऱ्या प्लॉटवर गेलेला असतो.

आणि कोळगावच्या खास उपयोगाचं एक: २०११ च्या जनगणनेचे तालुका कोड. पाच आकडी आहेत, आणि देशभरात तालुके सहा हजारांच्या आत. म्हणजे प्रत्येक तालुक्याच्या कोडची सुरुवात शून्याने. काश्मीर ते कन्याकुमारी, एकालाही सूट नाही. त्या यादीत आपले आठही तालुके ठाणे जिल्ह्याखाली सापडतील, कारण तेव्हा पालघर जिल्हा नव्हता. एका बाजूला जिल्हा बदललेला, दुसऱ्या बाजूला शून्य उडालेलं. दोन याद्या जुळवायला बसाल तर डबा सोबत ठेवा.

पायरी ००३: आधी फॉरमॅट, मग आकडे

कॉलम सिलेक्ट करा, फॉरमॅट सेल्समध्ये जा, ‘टेक्स्ट’ निवडा. मग टाइप करा. या क्रमात बदल नको. आधी टाइप करून मग टेक्स्ट केलंत तर गेलेली शून्यं परत येत नाहीत. एक्सेल फक्त उरलेले आकडे डावीकडे सरकवून तुम्हाला बरं वाटेलसं करतं.

एखाददुसराच सेल असेल तर आकड्याआधी वरचा एकेरी स्वल्पविराम द्या. तो सेलमध्ये दिसत नाही आणि किमतीत धरला जात नाही. ‘हे नाव आहे’ एवढंच तो एक्सेलला सांगतो. पण हा स्वल्पविराम एक्सेलच्या आतच चालतो. नोटपॅडमध्ये सीएसव्ही लिहिताना टाकलात तर डेटाबेसमध्ये तोही जाऊन बसेल, आणि मग पालघरचा कोड ०२५२५ नसून स्वल्पविराम-०२५२५ आहे असं पुढची दहा वर्षं छापून येईल.

टेक्स्ट केलेल्या सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो. घाबरू नका. त्यावर क्लिक केलंत तर एक्सेल सांगतं की आकडा मजकूर म्हणून ठेवलेला आहे, आणि लगेच खाली उपाय सुचवतं: आकड्यात रूपांतर करा. हा उपाय कधी निवडू नये. अडचण अशी की तुमच्या साहेबांना हिरवे त्रिकोण आवडत नाहीत.

‘हे काय आहे सगळीकडे?’

‘साहेब, ते शून्य राहावं म्हणून.’

‘एरर दिसतेय ना पण. काढून टाका. वर पाठवायची आहे शीट.’

इथे ऑपरेटरने वाद घालू नये. फाईल, ऑप्शन्स, फॉर्म्युलाज अशा वाटेने जाऊन त्या तपासणीची खूण काढून टाकावी. त्रिकोण जातात, शून्यं राहतात, साहेबांना काम झालेलं दिसतं.

आणखी एक पळवाट आहे, ती दिसायला गोंडस आणि आतून पोकळ: कस्टम फॉरमॅटमध्ये पाच शून्यं लिहायची. सेलमध्ये ०२५२५ दिसतं. आत मात्र २५२५ च असतं; शून्य नुसतं वरून रंगवलेलं. छापून भिंतीवर लावायचं असेल तर ठीक. कोणी व्हीलूकअप लावून दुसऱ्या यादीशी जुळवायला गेलं की ओळभर ‘एनए’ येतात, कारण इकडे आकडा आहे आणि तिकडे मजकूर. खरं शून्य हवं असेल तर शेजारच्या कॉलमात ‘टेक्स्ट’ नावाचं सूत्र लावा, कंसात सेलचा पत्ता आणि अवतरणात पाच शून्यं द्या, मग कॉपी करून ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करा.

२०२३ पासून नव्या एक्सेलमध्ये ऑप्शन्सच्या डेटा विभागात एक खूण मिळाली आहे. ती काढली की शून्यं आपोआप गळायची थांबतात. मायक्रोसॉफ्टला हे सुचायला ३८ वर्षं लागली. त्याआधी, २०२० साली, जनुकशास्त्रज्ञांनी मार्च आणि सेप्ट अशी नावं असलेल्या जनुकांचं चक्क नव्याने नामकरण करून घेतलं, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. तेव्हा तुमच्या कार्यालयाचं ऐकलं गेलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आणि ही खूण फक्त तुमच्या संगणकापुरती असते. शेजारच्या टेबलावरचा संगणक २०१० चा आहे आणि शीट तिथूनच पुढे जाते.

पायरी ४: सातबारा

नव्या सेलमध्ये ७/१२ टाइप करा आणि एंटर मारा. भारतीय सेटिंग असेल तर ७ डिसेंबर येईल, अमेरिकन असेल तर १२ जुलै. शेतजमिनीच्या उताऱ्याचं एवढं घरगुती नाव, आणि महसूल खात्यातल्या पहिल्याच दिवशी त्याची तारीख पडते.

गट आणि हिस्सा यांचंही तेच. २०२५ साली ५/२ लिहिलात तर ५ फेब्रुवारी. घाबरून तुम्ही कॉलम टेक्स्ट करता, तर तिथे ४५६९३ उमटतं. एक्सेल तारखा दिवस मोजून ठेवतं, १९०० च्या १ जानेवारीपासून, आणि हा त्या दिवसाचा क्रमांक. गावात गटच जेमतेम काही शे, त्यात ४५६९३ नंबरच्या गटाचा मालक कोण, हे शोधायला तलाठ्याला पाठवू नये.

(वरच्या शीर्षकातली दोन शून्यं कुठे गेली, असं विचारणाऱ्या वाचकाने पायरी ००३ पुन्हा वाचण्याची गरज नाही. न विचारणाऱ्याने वाचावी.)

पायरी ००५: सीएसव्ही उघडू नका

सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर. त्यात फॉरमॅट नाही, रंग नाही, कुठला कॉलम काय आहे याची नोंद नाही. शून्यं त्यात सुखरूप असतात, जोवर कोणी फाईलवर डबल क्लिक करत नाही. डबल क्लिक केलं की ती एक्सेलमध्ये उघडते आणि उघडतानाच शून्यं झडतात. मग तुम्ही ‘नुसतं बघून’ बंद करता, एक्सेल विचारतं सेव्ह करू का, तुम्ही सवयीने हो म्हणता. झालं. शून्यांचे बहुतेक खून या ‘नुसतं बघण्यात’ झालेले आहेत.

म्हणून नियम: सीएसव्ही तपासायची तर नोटपॅडमध्ये. कुरूप दिसेल, पण खरं दिसेल. एक्सेलमध्येच आणायची तर रिकामी शीट उघडा, डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या आणि लोड करण्याआधी कॉलम टेक्स्ट करा. पॉवर क्वेरी न विचारता ‘चेंज्ड टाइप’ नावाची एक पायरी मध्ये घुसवते. ती उजवीकडच्या यादीतून पुसून टाका. लिबरऑफिस या बाबतीत जुन्या वळणाचं आहे: फाईल उघडण्याआधी खिडकी दाखवून विचारतं, प्रत्येक कॉलमचं काय करू. लोकांना याचा कंटाळा येतो. गूगल शीट्समध्ये इम्पोर्ट करताना मजकुराचे आकडे करण्याची खूण असते, ती काढा.

काही जण सीएसव्हीत आकड्याभोवती दुहेरी अवतरण घालतात आणि निर्धास्त होतात. एक्सेल ती अवतरणं सोलून आतला आकडा घेतं, शून्य टाकून. त्याहून हुशार लोक अवतरणाआधी बरोबरचं चिन्हही लावतात. त्याने एक्सेल फसतं, हे खरं. डेटाबेस फसत नाही. तो बरोबरचं चिन्ह आणि अवतरणं यांच्यासकट सगळं जसंच्या तसं गिळतो.

आता आधारचा रोग. साध्या सेलमध्ये एक्सेल ११ आकड्यांपर्यंतची संख्या सरळ दाखवतं. आधार १२ आकडी. त्यामुळे ती २.३४५६८ई+११ अशी दिसते, कॉलम कितीही रुंद करा. आणि सीएसव्हीत जातं ते सेलमध्ये दिसतं तेच. फाईल बनली, बंद झाली, तर शेवटचे सहा आकडे कायमचे गेले. ज्या ज्या लाभार्थ्यांचे पुढचे आकडे सारखे ते सगळे एकच इसम झाले. ईएसआयच्या १७ आकडी आस्थापना कोडाची याहून वाईट गत: एक्सेल १५ आकड्यांपलीकडे काही लक्षात ठेवतच नाही, शेवटचे दोन आकडे शून्य करून टाकतं. डावीकडची शून्यं घालवणारं हेच सॉफ्टवेअर उजवीकडे फुकट वाटतं.

पायरी ००६: डेटाबेसवाल्याशी बोलून घ्या

तो बहुधा ठाण्यात किंवा मुंबईत बसतो आणि व्हॉट्सअॅपवर ‘ओके’ एवढंच लिहितो. तरी बोला. त्याने टेबल बनवताना कोडचा कॉलम इंटिजर केला असेल तर तुमची पाचही पायऱ्यांची मेहनत पाण्यात. त्याला व्हारचार करायला सांगा. तो म्हणेल इंटिजरला जागा कमी लागते. खरं आहे. संपूर्ण जिल्ह्याच्या यादीत जेवढी जागा वाचेल तेवढी तुमच्या मोबाईलमधला एक ‘सुप्रभात’ खातो. मायएसक्यूएलवाले झिरोफिल नावाची सोय सुचवतील. तीही वरून रंगवलेली शून्यंच आहेत, आणि आता ती मोडीत काढायच्या यादीत टाकलेली आहे.

दुसरं, एक्सेलची फाईल थेट देऊ नका. मायक्रोसॉफ्टचा जो ड्रायव्हर एक्सेल वाचून डेटाबेसला देतो, तो कुठला कॉलम काय आहे हे पहिल्या आठ ओळी बघून ठरवतो. फक्त आठ. पहिल्या आठांत बहुतेक आकडे असले तर अख्खा कॉलम आकड्यांचा, आणि खाली जिथे जिथे अक्षरं किंवा टेक्स्ट केलेले कोड येतील तिथे तो ‘नल’ भरतो. चूक दाखवत नाही, थांबत नाही, शेवटी ‘यशस्वी’ म्हणतो. तुमच्या यादीत पहिले आठ जण कोण यावर खालच्या आठ हजारांचं भवितव्य ठरतं. हे वाचून एखाद्याला आपल्या बैठकांची आठवण होईल. ती इथे नोंदवण्याचं कारण नाही.

त्यापेक्षा आधी टेबल बनवून घ्या, कोडचे कॉलम मजकुराचे, आणि मग सीएसव्ही त्यात ओता. पोस्टग्रेसचं कॉपी असो की मायएसक्यूएलचं लोड डेटा, टेबल जसं आहे तसं ते भरतात. अंदाज करत नाहीत. संगणकात अंदाज न करणं हा गुण दुर्मिळ होत चाललाय.

पायरी ००७: गेलेलं शून्य परत आणणे

शक्य तेव्हाच करा. कोडची लांबी ठरलेली असेल, एचएसएनचे चार, तालुक्याचे पाच, पीएफ सदस्याचे सात, तर डावीकडे भरून काढता येतं; डेटाबेसमध्ये त्याला एलपॅड म्हणतात. पण आधी मोजा. एचएसएन कोणी चार आकडी लिहितं, कोणी सहा, कोणी आठ. पाच आकडी दिसला तर तो सहाचा उरलेला, सातचा दिसला तर आठचा. विषम दिसला की एक शून्य, एवढं सूत्र पुरतं.

एसटीडी कोडात हे चालत नाही. वसईचा ०२५०, पालघरचा ०२५२५. गळल्यावर २५० आणि २५२५. दोघांनाही पाच आकड्यांपर्यंत भरलंत तर वसईचा ००२५० होतो. इथे लांबीकडे बघायचं नाही, प्रत्येकाला एकच शून्य द्यायचं. खातरजमा हवी असेल तर शून्य सोडून कोड आणि पुढचा नंबर मिळून दहा आकडे भरतात का ते बघा: वसईला तीन आणि सात, पालघरला चार आणि सहा.

आणि हजेरी क्रमांकांत कोणी ०१२, कोणी ००१२ आणि कोणी १२ असे तीन वेगळे कामगार ठेवले असतील, तर ते आता एक झालेत. सूत्राने ते वेगळे होणार नाहीत. मूळ मस्टर काढा, ते नसेल तर ठेकेदाराला बोलवा, तो नसेल तर कामगारांनाच बोलवा. ते तिघं असतात आणि आपण कोण ते त्यांना माहीत असतं. मूळ फाईल यापुढे ‘हात लावू नये’ अशा नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये ‘रीड ओन्ली’ करून ठेवा. नावात तारीख घालणार असाल तर महिना ०९ असा लिहा; नुसता ९ लिहिलात तर फोल्डर नावाप्रमाणे लावणाऱ्या काही ठिकाणी ऑक्टोबरची फाईल सप्टेंबरच्या आधी जाऊन बसते.

एवढं करूनही पोर्टलने दिलेल्या टेम्प्लेटमध्येच तो कॉलम आकड्यांचा केलेला असेल आणि टेम्प्लेटला पासवर्ड असेल, तर हेल्पडेस्कला फोन करावा लागेल. हेल्पडेस्कचा नंबर मोबाईलचा असतो. कार्यालयाच्या लँडलाइनवरून लावत असाल तर आधी ० दाबा. १५ जानेवारी २०२१ पासून त्याशिवाय फोन लागत नाही.